थांबण्याचं कारण : दादर आलं

"मॅडम, मला एडीएचडी आहे का, एवढंच सांगा." पर्स मांडीवर घट्ट धरून, नीट टेकायच्या आतच तिनं विचारलं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, मन आणि शरीर स्वस्थ बसत नाही अशी अवस्था. मोबाईलवर कुणाचा तरी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहिला होता आणि त्यातली सगळी लक्षणं तिला स्वतःत दिसली होती. दहा गोष्टी सुरू करायच्या, एकही तडीला न्यायची नाही. क्रोशेचं अर्धं काम, हजार तुकड्यांचं जिगसॉ, चार पुस्तकांत चार खुणा, शब्दकोड्यांच्या वहीत रिकाम्या चौकटी. सासूबाई म्हणत, "हिचं सगळं आरंभशूराचं." हा शब्द तिनं मला तीनदा सांगितला.

वय छत्तीस, राहायला ठाण्यात, नोकरी दादरला एका सीएच्या ऑफिसात. (तिच्या परवानगीनंच लिहिते आहे. ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.)

"मला काहीच पूर्ण करता येत नाही" ही तक्रार हल्ली महिन्यातून दोनदा तरी कानावर येते. नवं एवढंच की लोक आता निदान सोबत घेऊनच येतात. एडीएचडीचं निदान माझ्या हातात नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. पण ते काय पाहतात हे मी तिला सांगितलं. बरीचशी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, ती घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी रोजचं जगणं अडावं लागतं. छंद अर्धे राहिले एवढ्यावर काही ठरत नाही. ऑफिसातलं विचारलं तर म्हणाली, "जीएसटी रिटर्नची अकरा तारीख आणि वीस तारीख? आजवर एकदाही चुकली नाही." हे सांगताना मात्र ती ताठ बसली होती. तरी शंका मनात नको म्हणून तिला तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तिच्या आईशी बोलून शाळेतलंही सगळं विचारलं आणि तसं काही नाही असं सांगितलं.

शंका फिटली, पण अपराधी वाटणं तसंच राहिलं. म्हणून मी तिला आठवडाभराची वही लिहायला दिली. नैराश्यावरच्या उपचारात मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी रुळवलेली एक पद्धत आहे : दिवसभरात काय केलं ते लिहायचं आणि त्यापुढे दोन आकडे टाकायचे, आनंद किती मिळाला आणि जमल्यासारखं किती वाटलं. मी त्यात तिसरा रकाना घातला : थांबलात कशामुळे?

ती वही अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. सोमवार : लोकलमध्ये शब्दकोडं, आनंद आठ, थांबण्याचं कारण 'दादर आलं'. मंगळवार : कागदी पट्ट्यांचा कंदील, आनंद सात, 'गोंद वाळायला ठेवला'. बुधवारी रिटर्न भरण्याची धावपळ, पान कोरं. गुरुवारी मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेली कादंबरी दीडशे पानांवर सोडून दुसरी उघडली, 'कंटाळा आला', आणि त्याखाली दोन रेघा, जणू गुन्हा कबूल केलाय. शुक्रवारी लेकासोबत जिगसॉ, आनंद नऊ, 'आकाशाचे सगळे तुकडे सारखेच, आणि टेबल जेवायला हवं होतं'. त्या टेबलावरून घरात अकरा दिवस कुरबूर चालली होती. माणसं खाली पंगत मांडून जेवत होती. सासूबाईंची बाजू मला इथे पूर्ण पटते.

शनिवारी मैत्रिणींसोबत कटान, मालाच्या देवाणघेवाणीचा पटावरचा खेळ. "मेंढी घे, वीट दे" करत दोन तास, आनंद दहा, खेळ पूर्ण, ती हरली. हा खेळ १९९५ साली बाजारात आला. तो रचणारे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवायचे आणि कामावरून आल्यावर तळघरात खेळ जुळवत बसायचे, हे मला तिनंच सांगितलं. मी विचारलं, "मग हे कसं पूर्ण होतं?" ती हसली. "कुणाचे तरी दहा गुण होतात ना. मग उठतातच सगळे."

वहीतली बहुतेक थांबण्याची कारणं अशीच होती. स्टेशन आलं, गोंद ओला, टेबल हवं. यात चंचलपणा कुठे आहे? आठवड्यात पाच दिवस लोकल आणि ऑफिस करून एवढा आनंद मिळवणारी माणसं मला फार भेटत नाहीत.

रविवारची ओळ मात्र वेगळी होती. 'कपाटातून गोंद काढताना पिशवी दिसली. दार लावलं.' वेळ शून्य. आनंदाचा रकाना रिकामा. कारण : 'सुरूच केलं नाही.' आणि मग लक्षात आलं की मंगळवारी आणि गुरुवारीही समासात बारीक अक्षरात 'पिशवी' लिहिलेलं होतं.

"त्या पिशवीत काय आहे?"

बराच वेळ ती बोलली नाही. नणंदेच्या डोहाळजेवणात, साठ बायकांसमोर तिनं जाहीर केलं होतं : बाळाचं ब्लँकेट मी विणणार. पिवळी लोकर आणली, एक तृतीयांश झालं, बाळ आलं, बारसं झालं, पहिला वाढदिवस झाला. दर प्रसंगाला वाटायचं, आता अर्धवट कसं न्यायचं? भाचा आता चार वर्षांचा, बालवाडीत जातो. नणंदेचा फोन आला की ही नवऱ्याच्या हातात देते.

इथे माझं चुकलं. मी तिला झटक्यात वेळापत्रक आखून दिलं, रोज दोन ओळी. ती आज्ञाधारक. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तीन ओळी झाल्या होत्या, डोकं चढलेलं होतं आणि शब्दकोडंही बंद पडलं होतं. ब्लँकेट पूर्ण व्हायलाच हवं हे सासूबाईंनी धरलं होतं तसं मीही धरूनच चालले होते.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला तेव्हा आठवायला हवा होता. आवडीनं चित्रं काढणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात, हीच मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. बक्षीस ठरलं आणि खेळाचं काम झालं. तिच्या नवऱ्याचंही चालूच असायचं, "एवढं छान विणतेस तर विक ना." कौतुकच ते, पण सुई हातात घेतली की गिऱ्हाईक समोर उभं राहायचं. ब्लँकेटचं तर साठ साक्षीदारांसमोरचं वचन झालं होतं.

वेळापत्रक फाडलं. मी विचारलं, "आज हे ब्लँकेट हवंय कुणाला?" ती म्हणाली, "कुणालाच नाही. त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पुरणार नाही." मग उरला फक्त फोन. तो करायला तिनं आणखी एक आठवडा घेतला, आणि काय बोलायचं ते आम्ही दोघींनी दोनदा बोलून पाहिलं.

नणंद ब्लँकेटबद्दल फारसं बोललीच नाही. म्हणाली, "वहिनी, मला वाटत होतं बारशात माझं काही चुकलं. चार वर्षं झाली, तू फोनवर येत नाहीस."

त्या रात्री तिनं ब्लँकेट उसवलं. लेकानं गुंडा धरला. वही सुटली होती तरी त्या दिवसापुरती तिनं एक ओळ लिहिलीच : 'उसवणं, पाऊण तास, आनंद आठ.' त्या लोकरीतून भाच्यासाठी कानटोपी झाली, एका बैठकीत. उरलेली लोकर पिशवीत आहे आणि पिशवी आता कपाटाबाहेर, खुंटीला.

कादंबरी तिनं न संपवताच ग्रंथालयात परत केली. जिगसॉसाठी सुताराकडून प्लायवूडची फळी कापून आणली, म्हणजे अर्धं चित्र फळीसकट पलंगाखाली सरकवता येतं. आकाश अजून लागायचं आहे. सासूबाई टेबलावर जेवतात आणि, तिच्या सांगण्यावरून, दुपारी कुणी नसताना फळी ओढून एखाददुसरा तुकडा लावून पाहतात.