मागची ट्रॉली कुणाच्या नावावर आहे?

कागल तालुक्यातल्या एका ऊस वाहतूकदाराचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देतो:

"साहेब, कारखान्याशी वाहतुकीचा करार केलाय. ट्रॅक्टर माझ्या नावावर, विमा चालू. पुढच्या ट्रॉलीची कागदपत्रं आहेत. मागची ट्रॉली दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांकडून रोखीनं घेतली, ती अजून त्यांच्याच नावावर आहे, विमा नाही. डिसेंबरात रात्री मुरगूड रस्त्यावर चढाला तिचा टायर फुटला. ड्रायव्हरनं पिन काढून ती कडेला लावली, चाकाला दगड दिले आणि कारखान्याच्या रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून पुढची ट्रॉली घेऊन कारखाना गाठला. तासाभरानं एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून येणारा पोरगा मोटारसायकलसकट मागून धडकला. मांडीचं हाड मोडलंय. ड्रायव्हरवर गुन्हा नोंद आहे, ट्रॉली पोलीस ठाण्यात. ड्रायव्हरकडं नुसतं हलक्या गाडीचं (एलएमव्ही) लायसन्स आहे. एक एजंट म्हणतो, ड्रायव्हर बदलून देतो आणि ट्रॉलीचा विमाही करून देतो. गावातले म्हणतात, स्टॅम्पवर लिहून घ्या, लाखभर द्या, मिटवा. भरपाई कुणी द्यायची? कारखाना काही देईल का?"

आधी त्या एजंटचं सांगतो, कारण बाकी सगळं निस्तरता येईल, पण हे केलंत तर नाही. ड्रायव्हरवर लागलेलं कलम बहुधा भारतीय न्याय संहितेचं १२५ असेल. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, त्यामुळे शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा जामीनपात्र आहे. ड्रायव्हर आज घरी झोपतोय. त्याच्या जागी दुसरा उभा केलात, की कलम २३८ येतं, म्हणजे गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा लपवणं आणि खोटी माहिती देणं. त्यात तुम्ही स्वतः आरोपी होता. मोबाईलचं लोकेशन, कारखान्याच्या काट्यावरची नोंद, गेटवरचा कॅमेरा हे सगळं त्या रात्री गाडी कुणाच्या हातात होती ते सांगणारच आहे. आणि विमा? पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. अपघातानंतर काढलेली पॉलिसी आधीच्या अपघाताला लागू होत नाही. त्याला एक रुपया देऊ नका.

आता मूळ दुखणं. आपल्याकडे ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचं शेपूट, असं धरून चालतात. मोटार वाहन कायद्यात तसं नाही. १९८८ च्या या कायद्यात ट्रेलरची, म्हणजे आपल्या ट्रॉलीची, स्वतंत्र व्याख्या आहे आणि कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी इतर वाहनांसारखीच करावी लागते. त्याच कलमात असंही आहे की ट्रेलर जोडून गाडी चालवायची तर ओढणाऱ्या गाडीचा नंबर सगळ्यात शेवटच्या ट्रेलरवरही लागला पाहिजे. हंगामात रंकाळ्याकडून गगनबावडा रस्त्याला लागून बघा, किती ट्रॉल्यांच्या पाठीला तो दिसतो ते. बहुतेकांच्या पाठीला फक्त ऊस असतो, फूट-दीड फूट बाहेर आलेला.

मागची ट्रॉली पाहुण्यांच्या नावावर आहे, म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी मालक तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे: गाडी विकली, ताबा दिला, पैसे घेतले, तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात जबाबदार तोच. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तुम्ही दोघांनीही ते केलं नाही. त्यामुळे पाहुणे दाव्यात ओढले जातील आणि भरलेली रक्कम तुमच्याकडून मागतील. नात्यात वाकडं येण्याआधी त्यांच्या घरी जाऊन हे स्वतः सांगा. पोलिसांच्या नोटिशीतून त्यांना हे कळू देऊ नका.

तुम्ही या ट्रॉलीतून सुटता का? नाही. ड्रायव्हर तुमचा, काम तुमचं, खेप तुमची. त्याच्या हलगर्जीपणाची भरपाई तुमच्यावर येते. आणि हलगर्जीपणा झाला आहे, हे मान्य करूनच पुढे बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये "वाहन किंवा ट्रेलर" असा स्पष्ट उल्लेख आहे: इतरांना धोका होईल अशा रीतीने ते सार्वजनिक ठिकाणी सोडून जाता येत नाही. दगड लावले म्हणजे ट्रॉली घसरणार नाही एवढंच. मागून येणाऱ्या पोराला ते दगड दिसत नाहीत. मला एका जुन्या प्रकरणातल्या पंचनाम्याचा फोटो आठवतो. ट्रॉलीच्या मागच्या पाटीवर दोन लाल रिफ्लेक्टर होते, पण एकावर फडातल्या चिखलाचा वाळलेला थर आणि दुसऱ्यावर वाढ्यांचा पेंढा लोंबत होता. रात्री दुचाकीच्या उजेडात त्यातलं काहीही चमकलं नसतं. तुमच्या पंचनाम्याची नक्कल आधी काढा आणि रिफ्लेक्टरविषयी काय लिहिलंय ते वाचा. निम्मा खटला त्या ओळीत आहे.

विमा कंपनी काय म्हणेल ते आत्ताच सांगतो. "विमा ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर तर तिथं नव्हताच. पोरगा ज्याला धडकला ती वेगळी, सुटी, विना-विम्याची ट्रॉली." या म्हणण्यात दम आहे, पण त्याला उत्तरही आहे. ट्रॉलीला इंजिन नसतं. ती त्या चढावर आली ती तुमच्या ट्रॅक्टरच्या फेरीत, सोडली ती ट्रॅक्टरच्याच ड्रायव्हरने, आणि फेरी अजून पुरी व्हायची होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्याच बाजूचं प्रकरण गेलं होतं. सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर रस्त्यावर पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी पेटला. गाडी बंद पडून उभी असली तरी तो तिचा "वापर"च, असा व्यापक अर्थ न्यायालयाने तेव्हा घेतला. आपला युक्तिवाद त्या धाग्याने जाईल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे भरपाईचे दावे चालतात ते कोर्ट, तो पूर्ण मानेल, किंवा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावून तुमच्याकडून वसुलीची मुभा देईल. २००४ पासून ही वाट रुळलेली आहे. किंवा कंपनीला मोकळं करून सगळा बोजा तुमच्यावर टाकेल. या तिसऱ्या शक्यतेची तयारी ठेवा, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

लायसन्सची काळजी त्यामानाने कमी. ट्रॅक्टर चालवण्याचं वैध लायसन्स मागे ट्रेलर जोडला म्हणून बाद होत नाही, हे २००१ मध्येच ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतच्या गाड्यांना एलएमव्ही लायसन्स पुरतं, हेही पक्कं केलं. दोन भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन या आकड्याच्या पुढे जातं, तेव्हा कंपनी तिथं खुसपट काढेल, पण २००१ चा निकाल आपल्या हातात आहे.

वजनाचं मात्र सांभाळा. काट्याची पावती हा तुमच्याच विरुद्धचा लेखी पुरावा आहे. जादा वजनाला कलम १९४ खाली वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. माल गाडीच्या बाहेर आला असेल तर त्याचे वेगळे वीस हजार. नुसत्या जादा वजनामुळे कंपनी जखमीच्या भरपाईतून सुटत नाही, पण तुमच्या ड्रायव्हरचा हलगर्जीपणा दाखवायला तीच पावती पुढे केली जाईल. आणि पत्रात नसलेली एक गोष्ट सांगून ठेवतो: ऊसतोड टोळीतल्या बायका-माणसांना उसावर बसवून आणत असाल तर आजपासून बंद करा. ट्रॉलीवरचे मजूर ट्रॅक्टरच्या पॉलिसीत बसत नाहीत, असं २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, आणि त्या अपघाताचा हिशोब तुमच्या दोन एकरांतून भागणार नाही.

कारखान्याचं विचारलंत. करारपत्र काढून वाचा. वाहतुकीतल्या अपघाताची जबाबदारी वाहतूकदाराची, असं कलम त्यात बहुतेक वेळा असतंच. ट्रॉली कारखान्याची असती किंवा ड्रायव्हर त्यांच्या हुकमावर चालला असता तर बोलता आलं असतं. इथे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता स्टॅम्पपेपर. पोरगं अजून इस्पितळात आहे, रॉड पडेल, पाय किती वाकेल हे सहा महिन्यांनी कळेल. अशा वेळी त्याच्या बापाच्या हातात लाख रुपये ठेवून "आमची काही तक्रार नाही" लिहून घेणं मला पटत नाही, आणि न्यायाधिकरणात ते टिकण्याची खात्रीही नाही. पोलिसांचा अहवाल तिकडे जातोच, आणि कलम १६६ प्रमाणे तोच अहवाल दावा अर्ज म्हणून धरता येतो. तेव्हा त्यांनी दावा केला नाही तरी तुम्ही सुटलात असं नाही. मदत जरूर करा. औषधाची, शस्त्रक्रियेची बिलं थेट इस्पितळात भरा, पावत्या ठेवा, आणि ही रक्कम पुढच्या भरपाईत धरावी एवढंच दोघांच्या सहीने लिहा. पाय बरा झाल्यावर, अपंगत्वाचा दाखला आल्यावर, लोकअदालतीत बसून आकडा ठरवू. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकमासारखा पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. मोटारसायकलस्वाराचा वेग, हेल्मेट, दिवा यावरून त्याच्या बाजूची चूक निघाली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होईल. पण ते तुम्ही त्याच्या खाटेशेजारी उभं राहून बोलू नका, ते माझ्यावर सोडा.

ट्रॉली सोडवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येईल, पण विमा नसलेलं वाहन जखमीच्या भरपाईसाठी तारण घेतल्याशिवाय कोर्ट सहज सोडत नाही. अर्ज नोंदणीकृत मालकाचाच लागेल, म्हणजे पुन्हा पाहुणेच. त्यांच्याकडे जाल तेव्हा ट्रॉलीचं आरसी बुक, तुम्ही रोख दिल्याची काही चिठ्ठी असेल तर ती, आणि हस्तांतराच्या अर्जावर त्यांची सही असं तिन्ही घेऊन या. ट्रॅक्टरची पॉलिसी पूर्ण आणा, नुसतं पहिलं पान नको, मागच्या बारीक अक्षरांच्या पानांसकट. ट्रेलरचा उल्लेख कुठे आहे का, ते मला तिथेच बघायचं आहे.