मी रडायला लागलो की हसतंय ओ ते!

"ह्याला दुसऱ्याचं काहीच वाटत नाही ओ, मॅडम." एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा आणि उतावळेपणा फार, अशी मेंदूच्या वाढीतली अडचण) असलेल्या मुलांच्या आयांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यामागची भीतीही आता लगेच कळते: हे पोरगं मोठेपणी कसं निघायचं?

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एक ताई तिसरीतल्या मुलाला घेऊन आल्या. नाव बदलून त्याला सोहम म्हणू. निदान झालेलं होतं, बालमनोविकारतज्ज्ञांचं औषध चालू होतं, अभ्यासाला बसणंही थोडं जमायला लागलं होतं. हात मात्र आवरत नव्हता. बहिणीला ढकल, वर्गात कुणाला पेन्सिल टोच. "परवा मी रडायला लागलो, तर हसतंय ओ ते!" ताई सांगत होत्या. सोहम शेजारी बसून खुर्चीचं फाटकं रेक्झिन नखानं सोलत होता.

मी त्याला चेहऱ्यांची चित्रं दाखवली. राग, भीती, लाज, सगळं भराभर ओळखलं. म्हणजे निवांत असताना त्याला सगळं कळत होतं. भांडणात ते कुठं जातं, एवढंच शोधायचं होतं.

बाबांबरोबर तो शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जायचा. म्हणून टेबलावर बाटल्यांची बुचं मांडली. एक तो, एक बहीण, एक आई. म्हटलं, "रिप्ले दाखव. एकदम हळू."

"तिनं रिमोट घेतला. मी ढकललं."

"मधे काय झालं?"

"मधे काय न्हाई."

तीन आठवडे हेच उत्तर. मी घाई केली नाही. मुलाच्या वागण्याला वळण लावण्याआधी त्याच्या मनात काय चाललंय ते त्यालाच दिसू द्यावं, हे मी इतक्या वर्षांत कधी सोडलेलं नाही. चौथ्या आठवड्यात बूच सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं.

"हितं कान गरम झाला."

"आणि आई रडली तेव्हा?"

त्यानं आईचं बूच तळहाताखाली झाकलं. "पोटात कसंतरी झालं. ती निघून जाईल असं वाटलं. मग हसूच आलं. मुद्दाम न्हाई हसलो मी."

ताई काही बोलल्या नाहीत. हातातली त्याची पाण्याची बाटली तेवढी त्यांनी खाली ठेवली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

या मुलांना भावना असतात, कधीकधी आपल्याला झेपणार नाहीत इतक्या जोराच्या. कमी पडतो तो भावना आणि हात यांच्यामधला क्षण. समोरच्याचा चेहरा वाचायलाही तोच क्षण लागतो. अमेरिकेत २००७ साली फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाह्यपटलाच्या निम्म्या भागानं आपली कमाल जाडी गाठण्याचं वय इतर मुलांत सुमारे ७.५ वर्षं निघालं, एडीएचडीच्या मुलांत १०.५; म्हणजे वाढ होते, पण उशिरा. सर्वांत जास्त उशीर पुढच्या भागात, आणि आवर घालण्याचं काम बरंचसं त्याच भागाचं. पालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यानंतर 'मुद्दाम करतोय' हा शब्द घरात कमी होतो.

म्हणून भर भांडणात "तिला कसं वाटलं असेल?" हा प्रश्न नको. तेव्हा दोनच शब्द बोला आणि दोघांना लांब करा. रिप्ले नंतर, पोट भरलेलं असताना, आणि पाच मिनिटांत संपेल एवढाच. हात थांबला तर शाबासकी त्याच मिनिटाला द्या, रविवारी फिरायला नेण्याचं आश्वासन या मुलांना फार लांबचं वाटतं. आणि आपल्या भावनेचं नाव मोठ्यानं घ्या: "मला राग आलाय, मी पाणी पिऊन येतो." ताईंना हे सर्वांत अवघड गेलं, पण त्यांनी ते केलं. सोहमशी आम्ही ठरवलं होतं, कान गरम झाला की 'शिट्टी' म्हणायचं आणि थांबायचं.

परवा त्यांचा फोन आला. बहिणीनं त्याची वही फाडली. त्यानं हात उगारला, "शिट्टी! शिट्टी!" असं ओरडला आणि गॅलरीत पळाला. परत आला तेव्हा वही फाटलेलीच होती. मग तो रडला, बराच वेळ, आणि ताई नुसत्या शेजारी बसून राहिल्या.