पिक्सेल फॉन्टची ‘नक्कल’ की ‘उतरवणं’? आणि पिक्सेलला घर का म्हणावं

निपाणीच्या एका कॉलेजच्या पोरानं विचारलंय. जुन्या व्हिडिओ गेममधली ती ठोकळ्याठोकळ्यांची अक्षरं हौशी लोक परत बनवतात, त्यांचा फॉन्ट करून फुकट वाटतात, तर ह्या कामाला मराठीत काय म्हणायचं? त्यानं स्वतः असा एक फॉन्ट केलाय आणि सोबतच्या माहितीत ‘पुनर्निर्मिती’ लिहिलंय, त्याचा मित्र म्हणतोय सरळ ‘नक्कल’ लिही की, आणि पिक्सेलला, म्हणजे पडद्यावरच्या ज्या एकेका बारीक ठोकळ्यानं ते अक्षर बनतं त्याला, ठिपका म्हणू का चौकोन म्हणू हेही विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. काम ते ‘उतरवणं’, आणि पिक्सेल म्हणजे ‘घर’. एरवी फोनच्या कॅमेऱ्याबद्दल बोलताना पिक्सेल खुशाल म्हणा, तो शब्द आता आपलाच झालाय, पण अक्षराच्या आत शिरलात की घरच.

घर का, तर त्या काळच्या बहुतेक खेळांत एक अक्षर बसायचं ८ बाय ८ च्या तुकड्यात. म्हणजे ६४ घरं, बुद्धिबळाचा पट! आपण बुद्धिबळाला ६४ घरांचा खेळ म्हणतोच, कन्नडातसुद्धा पटावरच्या घराला ‘मने’ म्हणजे घरच म्हणतात, त्यामुळं बेळगावात हा शब्द दोन्ही बाजूला कळतोय. निन्टेन्डोच्या ८ बिटच्या मशीनवर (आपल्याकडं टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेम त्याच्यावरनंच आले) सगळा पडदा असल्याच तुकड्यांनी भरलेला असायचा, आडवे ३२ आणि उभे ३०. मारिओच्या डोक्यावर जे गुण आणि वेळ दिसायचा तो प्रत्येक आकडा म्हणजे असा एक तुकडा. ठिपका म्हटलं की मला रांगोळी आठवते, आणि रांगोळीत रेघ ठिपक्याला जोडून किंवा ठिपक्याभोवतीनं जाते, ठिपका भरत नाहीत. इथं तर घर एक भरायचं नाहीतर रिकामं ठेवायचं, एवढंच असतंय.

आता उतरवणं. हा शब्द मी शब्दकोशातनं नाही, घरातनं उचललाय. मी बेळगावातल्या शहापूरची, आमच्याकडं मागाची खटखट आणि इरकल लुगडी ह्यातच सगळ्या वाढलेल्या, आणि आजी कसुती भरायची, म्हणजे लुगड्यावरचं आमच्याकडचं भरतकाम. कसुतीत कापडावर पेन्सिलनं काही काढायचं नसतं, कापडाचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका घालायचा. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी असे चार टाके, त्यातली मुर्गी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यागत दिसतो म्हणून ते नाव. शेजारणीच्या लुगड्यावरचं गोपूर, म्हणजे देवळाच्या शिखराची नक्षी, आवडलं की आजी ते लुगडं मांडीवर घेऊन बसायची, बोटानं धागे मोजायची आणि आपल्या कापडावर घालायची. ह्याला ती म्हणायची ‘नमुना उतरवून घेतला’. नक्कल केली असं ती कधी म्हणाली नाही.

हौशी लोक अगदी हेच करतात हो. खेळाच्या मेमरीतला तो तुकड्यांचा तक्ता उघडतात किंवा पडद्याचा फोटो मोठा करून घेतात, कुठलं घर भरलंय कुठलं रिकामं ते बघतात आणि आपल्या फॉन्टमध्ये तसंच भरतात. २००८ मध्ये फॉन्टस्ट्रक्ट नावाचं एक साधन आलं, त्यात विटा रचल्यासारखं चौकटीत घरं भरत गेलं की फॉन्ट तयार, तेव्हापासनं तर हे काम कुणालाही करता येण्यासारखं झालंय.

नक्कल शब्द वाईट नाही, हेही सांगायला पाहिजे. मूळ अरबी, आणि कचेरीत नक्कल म्हणजे सहीशिक्क्याची खरी प्रत, कन्नडात ‘नकलु’ तेच. पण बोलण्यात नक्कल केली म्हणजे वेडावून दाखवलं किंवा परीक्षेत बघून लिहिलं असं होतं, आणि त्याच्या शेजारी नकली बसलेला आहेच. उतरवण्याला तो डाग नाही. शेताचा उतारा म्हणतो ना आपण, कर्नाटकात पहाणी म्हणा आरटीसी म्हणा, बेळगाव भागात लोक अजून उताराच काढायला जातात, तर उतारा म्हणजे दप्तरात आहे तसं, आपल्या पदरचं काही न घालता.

आणखी एक शब्द जवळपास फिरतो, तो म्हणजे गिरवणं. कित्ता गिरवतो तसं मूळ अक्षरावरनंच हात फिरवायचा. पडद्याच्या फोटोवर कागद ठेवल्यागत रेघ ओढत गेलात तर ते गिरवणं, आणि त्यात फसायला होतं. कारण जुन्या टीव्हीवर घरं बऱ्याचदा चौरस दिसायची नाहीत, निन्टेन्डोच्या त्या मशीनची तर उंचीपेक्षा थोडी रुंद, साधारण ८ला ७, शिवाय काचेवर कडा पसरायच्या. म्हणून फोटो गिरवणाऱ्याचं अक्षर फुगतं आणि घरं मोजणाऱ्याचं मूळ राहतं. ह्या अक्षरांची उभी रेघ बहुतेकदा २ घरं जाड असते आणि आडवी १, बघा नीट. एकाच घराची उभी रेघ त्या टीव्हीवर पुसट व्हायची म्हणून ती जाड केलेली, आणि हे मोजल्याशिवाय हाताला कळत नाही. वळणदार अक्षर म्हणतो आपण, पण इथं वळण नाहीच, नुसत्या पायऱ्या, आणि तरी लांबनं बघितलं की गोल ओ दिसतोच! मला ह्याचं अजून नवल वाटतं.

पण सगळंच उतरवता येत नाही आणि पोराचा खरा प्रश्न इथं आहे असं मला वाटतं. खेळात जागा कमी, त्यामुळं इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि दोनचार चिन्हं एवढंच बहुतेकदा ठेवलेलं असायचं. छोटी अक्षरं पाहिजेत तर ती बनवणाऱ्यानं त्याच चालीनं स्वतः घडवायची. प्रेस स्टार्ट टू पी नावाचा फॉन्ट खूप जणांनी बघितला असेल, कोडमन ३८ ह्या नावानं काम करणाऱ्या माणसानं नामको ह्या जपानी गेम कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या खेळांवरनं केलेला, ८ च्या पटीतल्या आकाराला अगदी खणखणीत दिसतो. त्यात ग्रीक आणि रशियन अक्षरंसुद्धा आहेत, म्हणजे खेळात होती ती उतरवलीत आणि बाकीची जोडलीत. ह्या दुसऱ्या कामाला माझा शब्द ‘बेतणं’. शिंपी अंगाच्या मापानं कापड बेततो तसं दिलेल्या घरांत अक्षर बेतायचं.

आणि देवनागरी तर बेतावीच लागते, उतरवायला मूळ आहेच कुठं. ८ घरांच्या उंचीत शिरोरेषा एक ओळ खाते, वर वेलांटी नाहीतर मात्रा, खाली उकार, मग मधल्या अंगाला तीनचार ओळी राहतात, त्यात ‘ज्ञ’ घालून दाखवा बरं. युनिफॉन्ट नावाच्या घराघरांच्याच एका फुकट फॉन्टमध्ये देवनागरी आहे पण तिथं उंची १६ घरांची. पोरानं म्हणे ८ मध्येच ‘ळ’ बसवलाय, दोन पोटं आणि मधली फट धरून, मला तो बघायचाच आहे.

तर बाबा, पुनर्निर्मिती काढ. तो शब्द पडलेला वाडा परत बांधला की शोभतो, आणि त्यातनं तुझं कुठलं नि खेळातलं कुठलं हे कळत नाही, जे वाचणाऱ्याला कळायलाच पाहिजे. माहितीत असं लिही: ‘इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे मूळ खेळातनं घर मोजून उतरवलेत, छोटी अक्षरं आणि देवनागरी मी बेतलीय.’ खाली खेळाचं नाव आणि साल घाल. आणि फॉन्ट तो का ते असंही तू शेवटी विचारलंयस, आमच्याकडं तो.