‘आय ॲम गुड’ म्हणजे हो की नको?

म्हापशाच्या एका वाचकांचा भाचा कळंगुटला शॅकमध्ये वाढपी आहे. ‘मोअर कॉफी, सर?’ असं विचारल्यावर पाहुणा हसून ‘आय ॲम गुड’ म्हणाला. भाच्याने कप भरायला घेतला. पाहुण्याचा तळहात कपावर आडवा येईपर्यंत अर्धा कप भरलाही होता. मामांचा प्रश्न: पोराचं चुकलं कुठे?

पोराला गुड या शब्दाने फसवलं. ‘हाऊ आर यू?’ला ‘आय ॲम गुड’ म्हणजे बरा आहे. पण काही देऊ केल्यावर तेच वाक्य म्हणजे ‘माझं भागलंय’, थोडक्यात नको. तोंडाने ‘नो’ न उच्चारता नाही म्हणायची ही तऱ्हा अमेरिकी बोलण्यात फार. ब्रिटिश पाहुणा त्याच जागी ‘आय ॲम ऑलराइट’ म्हणेल. यात परकं काही नाही. पंगतीत भात आला की आपण तरी ‘नको’ कुठे म्हणतो? ‘राहू दे, राहू दे’ म्हणतो. त्याचा अक्षरशः अर्थ लावणारा वाढपी भात पानातच राहू देईल. आणि घरातून निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्यांनी तर इंग्रजीला नावंच ठेवू नयेत.

खरा घोळ होतो तो गुडला शेपूट लागलं की. ‘आय ॲम गुड विथ दॅट’ हा चक्क होकार: मला चालेल. ‘गुड टू गो’ म्हणजे निघायला तयार. ‘ही इज गुड फॉर इट’ हे स्वभावाचं प्रशस्तिपत्र नव्हे, माणूस पैसे बुडवणार नाही एवढंच. ‘लेफ्ट फॉर गुड’मध्ये कुणाचं भलं झालेलं नसतं, माणूस कायमचा गेलेला असतो. मला स्वतःला ‘ॲज गुड ॲज डन’ने दगा दिला. एका कार्यालयात माझ्या कागदांबद्दल हे ऐकलं आणि काम झालं समजून मी दोन महिने निवांत. त्याचा अर्थ झाल्यातच जमा, म्हणजे अजून झालेलं नाही.

भाच्याला सांगा, ‘आय ॲम गुड’च्या मागे ‘थँक्स’ आलं तर नकार पक्का. नाहीच कळलं तर किटली हातात धरून क्षणभर थांबायचं. कप पुढे सरकला तरच ओतायची.