सहा टोकांचा तारा नेमका कोणाचा?

प्रश्न : मी अलिबागची. आमच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमुळे सहा टोकांचा तारा म्हणजे यहुदी लोकांची खूण, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं आहे. परवा वसईला मैत्रिणीकडे गेले, तर तिच्या आईच्या प्रार्थनापुस्तकावर एक ढाल छापलेली : तपकिरी डोंगर आणि सहा-सहा टोकांचे तीन तारे. कॅथलिक घरात हे कसं? ताऱ्याच्या टोकांना ठरलेला अर्थ असतो का?

उत्तर : तुम्ही पाहिलीत ती कार्मेल संघाची, म्हणजे कॅथलिक साधूंच्या एका संघाची ढाल. डोंगर आहे तो पवित्र भूमीतला कार्मेल. डोंगराच्या पोटातला पांढरा तारा मरियामातेचा. वर दोन्ही बाजूंचे तपकिरी तारे संदेष्टा एलीया आणि त्यांचा शिष्य अलीशा यांचे. रंगही उगाच नाहीत : या संघाच्या साधूंचा झगा तपकिरी आणि वरचा अंगरखा पांढरा. तुमच्या मैत्रिणीच्या आईच्या गळ्यात तपकिरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोऱ्यात ओवलेले दिसले असतील, तर तेही याच कार्मेल माउलीचं स्कॅपुलर.

आता टोकांचं. सहा टोकांची आकृती जुन्या काळी चर्चमध्ये, मशिदींत, घरांच्या चौकटींवर सगळीकडे कोरली जाई. ती साऱ्या यहुदी समाजाची ओळख झाली ती बऱ्याच नंतर. १८९७ च्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या परिषदेत झायोनिस्ट चळवळीने, म्हणजे यहुद्यांसाठी स्वतःचा देश मागणाऱ्या चळवळीने, ती घेतली आणि १९४८ साली इस्राएलच्या ध्वजावर ती आली. कुलचिन्हांच्या जगात तर देशागणिक रिवाज बदलतो. जर्मनीत नुसतं ‘तारा’ म्हटलं की सहा टोकं काढतात. इंग्लंडमध्ये सरळ कडांचा पाच टोकांचा असेल तर ‘मलेट’, लाटेसारख्या किरणांचा असेल तर ‘एस्टॉइल’. म्हणून मी टोकं मोजण्याआधी ताऱ्याच्या शेजारी काय आहे ते बघते. एकच अपवाद सांगते : फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चच्या दर्शनी भिंतीवर मोठा सहा टोकांचा तारा आहे, आणि ती भिंत एकोणिसाव्या शतकात रचणारे निकोलो मातास खरोखरच यहुदी होते.

मात्र टोकांना काहीच अर्थ नसतो असं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवली आणि आमच्या चर्चचे सणांचे पडदे रंगवले. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले तेव्हा फादरांनी त्यांची ढाल कापडावर मागितली. व्हॅटिकनने दिलेलं चित्र समोर ठेवून मी काढलं : वर सूर्यात येशूसंघाची (म्हणजे जेझुइट साधूंची) अक्षरं, तळाशी डावीकडे पाच टोकांचा सोनेरी तारा, उजवीकडे जटामांसीचं फूल. रंग सुकतोय न सुकतोय तोच सुधारलेलं चित्र आलं. तारा आता आठ टोकांचा होता! फूलही बदललं होतं. आधीचं द्राक्षाच्या घडासारखं दिसत होतं, आणि संत योसेफाचं चिन्ह तर जटामांसी. मी सोनेरीवर निळ्याचे दोन हात दिले, दोन चौरस एकमेकांवर तिरके टाकले आणि पुन्हा सोनेरी भरलं. उजेडात धरलं की जुन्या ताऱ्याची टोकं निळ्याखालून अजून दिसतात.

तारा दोन्ही चित्रांत मरियामातेचाच. पण आठ हा आकडा चर्चला जवळचा आहे. आठवड्याचे सात दिवस सरल्यावरचा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा. म्हणून जुनी बाप्तिस्मागृहं अष्टकोनी बांधत. डोंगरावरच्या प्रवचनातली ‘धन्य’ वचनंही आठ. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला (मरियामातेच्या प्रार्थनेला) तुम्ही कधी गेलात तर तिथल्या मरियामातेच्या चित्रात कपाळावरचा तारा जरूर बघा. मूळ चित्र रोमला आहे, त्यातही तो आठ टोकांचा आहे. मला स्वतःला हाच तारा सगळ्यांत आवडतो.

बारा टोकांचा तारा मात्र शोधू नका; तिथे बारा वेगळे तारे असतात, मरियामातेच्या मस्तकाभोवती. ते प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातले.

प्रश्न : आमच्या सोसायटीत यंदा सगळे मिळून नाताळचा तारा बांधणार आहोत. पाच टोकं चालतील का?

उत्तर : चालतील की! मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना तारा दिसला एवढंच आहे, टोकांचा उल्लेख नाही. बेथलेहेमच्या गुहेत येशूचा जन्म जिथे मानतात तिथल्या फरशीतल्या चांदीच्या ताऱ्याला तर चौदा टोकं आहेत. मत्तय अब्राहामापासूनच्या पिढ्या चौदा-चौदाने मोजतो, त्याच्याशी ती जोडतात. १७१७ साली बसवलेला तिथला तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला आणि १८५३ मध्ये नवा बसवला गेला.

पाच टोकांसाठी बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाचाचे दोन तारे बांधा, ते एकावर एक ठेवून फक्त टोकं दोऱ्याने आवळा. मग आत कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच फुल्यांपाशी वीतभर काड्यांचे टेकू घाला, म्हणजे पोट फुगतं. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, पण मागच्या बाजूची एक पाकळी उघडी ठेवा, बल्ब तिथूनच आत जातो.