जुने फ्रंट स्पीकर, नवा सेंटर: कंपनी तीच हवी का?

तुमचे फ्रंट, म्हणजे टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूचे स्पीकर वार्फडेल डायमंड ९ मालिकेतले जुने बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) आहेत. त्या मालिकेतला सेंटर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा संवादांचा स्पीकर, आता नवा मिळत नाही. मग त्याच कंपनीचा आजचा घ्यावा की दुसऱ्या कुणाचा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते कंपनीच्या नावाआधी ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा भाग बघा.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझ्याही फ्रंटचे ट्वीटर मऊ डोमचे, म्हणजे कापडी घुमटीचे होते. त्यांच्या मधोमध मी हॉर्नवाला, म्हणजे ट्वीटरपुढे कर्ण्यासारखं तोंड असलेला सेंटर आणून ठेवला. दुकानात एकटा ऐकला तेव्हा खणखणीत वाटला होता. घरी मात्र पडद्यावरची मोटार डावीकडून उजवीकडे जाताना मध्ये गाडी बदलल्यासारखी वाटायची. पात्र चालत मध्ये आलं की त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यायचा. बायकोने विचारलं, "याला मधेच सर्दी कशी होते?" सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत विकून टाकला. हॉर्न वाईट असतो असं नाही. तिन्ही हॉर्नचे असते तर माझी काही तक्रार नव्हती.

स्वयंचलित सेटिंगवर फार विसंबू नका. रिसीव्हरमधल्या (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातल्या) ऑडिसी किंवा यापाओ अशा सोयी माइकने मोजून आवाजाची पातळी आणि अंतर जुळवतात, माइक ठेवला त्या जागेपुरता सूरही बराच सरळ करतात. पण स्पीकर बाजूंना किती आवाज फेकतो, तो भिंतींवरून कसा परततो, हे त्यांच्या हातात नाही. आणि मऊ डोम व हॉर्न यांच्यातला मोठा फरक नेमका तिथेच असतो.

डायमंड ९ चा ट्वीटर मऊ डोमचा आहे, म्हणून सेंटरही तसाच शोधा. वार्फडेलचा आजचा घेतलात तरी आवाज हुबेहूब जुळेल असं समजू नका. डायमंड ९ मध्ये वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाचा, शंकूसारखा पडदा केव्हलारचा होता, नंतरच्या डायमंड १२ मध्ये तो पॉलिप्रॉपिलिनचा आहे. तरी जवळचा सूर मिळण्याची शक्यता तिथेच जास्त, म्हणून ऐकायला सुरुवात तिथून करा. कागदावर संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज) सेंटरची ८६ आणि फ्रंटची ८९ डेसिबल दिसली म्हणून घाबरू नका, तेवढं रिसीव्हर सांभाळून घेतो. सेंटर ४ ओहमचा, म्हणजे रिसीव्हरकडून जास्त वीज ओढणारा असेल तर मात्र रिसीव्हरला तो झेपतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा.

पण मी तुमच्या जागी असतो तर सेंटर विकतच घेतला नसता. जुन्या बाजारात तुमच्याच मॉडेलची आणखी एक जोडी शोधा आणि त्यातला एक मध्ये उभा ठेवा. याहून चांगली जुळणी मिळणार नाही. शिवाय नेहमीचा आडवा सेंटर, म्हणजे मध्ये ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर, याची एक खोड आहे. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसापासून दोन्ही वूफरचं अंतर वेगवेगळं पडतं, काही सूर एकमेकांना खोडतात आणि संवाद पोकळ येतात. उभ्या बुकशेल्फला हा त्रास नाही. अडचण एकच, टीव्हीखाली तेवढी उंची हवी. ती नसेल तर आडव्यातही असा बघा की ज्यात ट्वीटरच्या बरोबर खाली किंवा वर छोटा मिडरेंज (मधले सूर काढणारा भाग) असतो. महाग पडतो, पण टोकाच्या पाहुण्यालाही संवाद कळतात.

जो घ्याल तो फळीच्या पुढच्या कडेला आणा. कप्प्यात आत ढकललात की आवाज घुमणारच, मग दोष स्पीकरला. खाली असेल तर पुढून थोडा उचलून तोंड कानांकडे करा. रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा, ८० हर्ट्झपासून सुरू करा.

पारख अशी: रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. तो 'श्श्श' डावा, मधला, उजवा असा फिरतो. डोळे मिटून ऐका. जागा बदलते ती बदलू दे, पण 'श्श्श'चा पोत बदलायला नको. सेंटरवर तो एकदम बारीक किंवा नाकातून आल्यासारखा झाला तर तो स्पीकर परत करा. म्हणून घेण्याआधी दुकानदाराशी परतीचं बोलून ठेवा.

घरात दोघंच असाल आणि मधोमधच बसत असाल तर आधी सेंटर नसल्याचं रिसीव्हरला सांगून महिनाभर काढून बघा. संवाद दोन्ही फ्रंटमधून येतील आणि तरी मधोमध ऐकू येतील. बाजूला सरकलात की मात्र ते जवळच्या स्पीकरला चिकटतात, म्हणून तर सेंटर लागतो.

माझ्याकडे आता मध्ये माझ्याच फ्रंटचा तिसरा भाऊ उभा आहे. चौथा कपाटात आहे, एखाद्याचा ट्वीटर गेलाच तर कामाला येईल.