जिन्याखालचा फळा

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. परळला आमच्या चाळीत जिन्याखाली तीन बाय दोनचा फळा होता. सकाळी दूध घेऊन वर जाताना मी त्यावर तीन गोष्टी लिहायचो : दिनविशेष, एक कोडं आणि त्या दिवशी पाणी किती वाजता येणार ते. लोक पाण्यासाठी थांबायचे, बाकीचं आपसूक वाचलं जायचं. पुढे चाळ पडली, टॉवर उभा राहिला, पाणी चोवीस तास झालं आणि फळ्याची पत गेली. आता तो लिफ्टशेजारी टांगलाय. लिफ्ट फार लवकर येते, ही माझी मुख्य तक्रार आहे. म्हणून संपादकांनी फळ्याला या पानावर जागा दिली. एप्रिलची पत्रं घेऊ.

प्रश्न : आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने तिची पत्रिका नव्याने करून घ्यायची ठरवली. जन्म १९४४च्या मार्चच्या मध्यावरचा, मुंबईतला. आजोबांच्या वहीत 'सकाळी ७ वाजून १० मिनिटे' एवढीच नोंद आहे. गुरुजींनी विचारलं, "कुठलं सात दहा?" म्हणजे काय हो? (एक गृहिणी, भांडुप)

उत्तर : गुरुजी हुशार आहेत, दक्षिणा थोडी वाढवून द्या. १९४४ साली मुंबईत 'सात दहा' तीन तऱ्हेचे असू शकत होते.

एक, मुंबईची स्वतःची वेळ. सूर्य मुंबईच्या डोक्यावर आला की बारा वाजले, असा घरगुती हिशेब. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. दोन, स्टँडर्ड टाइम. १ जानेवारी १९०६पासून सरकारने सगळ्या देशाला ५ तास ३० मिनिटांची एकच वेळ लावली. मुंबईची घड्याळं त्यामुळे ३९ मिनिटं पुढे करायची वेळ आली आणि मुंबई बिथरली. सभा झाल्या, गिरणी कामगारांनी विरोध केला (३९ मिनिटं आधी उठायचं होतं ते त्यांनाच), आणि महापालिकेने आपली जुनी वेळ धरून ठेवली. जवळजवळ अर्धं शतक या शहरात दोन वेळा शेजारी शेजारी नांदल्या. माझ्या वडिलांच्या लग्नाला अर्धं वऱ्हाड मंगलाष्टकं संपल्यावर पोचलं ते या ३९ मिनिटांपायी, असं आई सांगायची. काकांचं म्हणणं, ते वऱ्हाड कुठल्याही घड्याळाने उशिराच आलं असतं.

तीन, युद्धाची वेळ. १ सप्टेंबर १९४२ला स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे ढकलला, तो १९४५च्या ऑक्टोबरच्या मध्यावर मागे घेतला. तुमच्या आईंचा जन्म बरोबर या काळातला.

आता आजच्या घड्याळात उतरवू. आजोबांचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर असेल, तर जन्म ७:४९चा. हट्टाने जुन्या स्टँडर्डवरच ठेवलं असेल, तर ७:१०चा. सरकारी हुकमाप्रमाणे युद्धवेळेवर असेल, तर ६:१०चा. या टोकापासून त्या टोकापर्यंत ९९ मिनिटं. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं म्हणतात, म्हणजे गुरुजींना घाम फुटणं रास्त आहे.

पत्रिकेतलं मला काही कळत नाही. पण बत्तीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, तेव्हा पुरावा कुठे शोधायचा ते सांगतो. मार्चच्या मध्यावर मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने पावणेसातच्या सुमाराला उगवतो. ७:४९ काय नि ७:१० काय, उन्हं आलेली असणार. ६:१०ला अंधार. आणि आपल्याकडे वार मोजायचा तो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. वहीत तारखेपुढे वार लिहिला असेल, तर तो इंग्रजी कॅलेंडरशी ताडून पाहा. एक दिवस मागचा निघाला, तर जन्म सूर्य उगवायच्या आतला आणि घड्याळ युद्धाचं.

हे मी त्यांना लगेच कळवलं होतं. त्यांचं उलट पत्र आलं : वार लिहिलेला नाही, पण आजी नेहमी सांगायची की सुईण सारखी 'कंदील जवळ धरा' म्हणत होती. मी असतो तर कंदिलाची साक्ष मानली असती. गुरुजींनी काय ठरवलं ते कळवा.

जाता जाता : मुंबईची वेळ गेली असली, तरी सूर्याने ती सोडलेली नाही. एप्रिलच्या मध्यावर गच्चीत एक काठी उभी करा. तिची सावली सगळ्यात आखूड होते ती १२:३९ला. मी दरवर्षी खडूने खूण करतो. वॉचमन दरवर्षी पुसतो. मेच्या मध्यावर तर मुंबईत ही सावली एक दिवस साफ नाहीशी होते, साडेबारा वाजून गेल्यावर पाचेक मिनिटांनी.

प्रश्न : सासूबाई जुनी कालनिर्णयं टाकू देत नाहीत. माळ्यावर वीसेक वर्षांचा गठ्ठा आहे. त्यांचा काही उपयोग असतो का? (विलेपार्ले)

उत्तर : असतो, आणि हे पान सासूबाईंना दाखवू नका. २०२५चं उदाहरण घ्या. तारीख-वार जुळायला हवेत तर २०१४चं काढा, पहिल्या जानेवारीपासून शेवटच्या डिसेंबरपर्यंत तेच वार. सण जुळायला हवेत तर २००६चं काढा : पाडवा दोन्ही वर्षी ३० मार्चला, गणेश चतुर्थी दोन्ही वर्षी २७ ऑगस्टला. १९ वर्षांत चांद्रमास जवळजवळ नेमके २३५ बसतात, म्हणून तिथी फिरून त्याच तारखेच्या आसपास येतात. वार मात्र दगा देतो. २००६ची चतुर्थी रविवारची होती, २०२५ची बुधवारची. मागच्या पानावरच्या पाककृतींना वर्षाचं बंधन नाही.

प्रश्न : प्रश्नमंजूषेत विचारलं होतं की मोरारजी देसाईंना २९ फेब्रुवारीचे किती वाढदिवस मिळाले. मुलीने २४ लिहिले, गुण कापले. ९९ वर्षांत २४ लीप वर्षं येतातच की! (कुर्ला)

उत्तर : गुण बरोबर कापलेत. जन्म २९ फेब्रुवारी १८९६, मृत्यू १० एप्रिल १९९५. पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. शंभराने भाग जातो आणि चारशेने जात नाही, ते वर्ष बाद. त्यामुळे पहिला वाढदिवसच आठ वर्षं थांबून १९०४ साली आला. तिथून १९९२पर्यंत २३. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस पाहिलेल्या आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांना हे कोडं घातलं, तर ते म्हणाले, "त्यांचे वाढदिवस मी कशाला मोजू?"

प्रश्न : आम्ही शिवडीला राहतो. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची धामधूम असते, त्याच दिवशी अग्निशमन दलाचे लोक छातीला छोटा झेंडा लावून दिसतात. त्याचा जयंतीशी काही संबंध आहे का?

उत्तर : नाही. झेंडा तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या व्हिक्टोरिया डॉकचा आहे. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा असा सगळा माल एकत्र भरलेला. दुपारी कापसात धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. बोटीवर पाणी मारत असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, आणि २०पर्यंत सप्ताह.

सोन्याची गोष्ट सगळे सांगतात. एक वीट उडून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, त्यांनी ती परत केली, वगैरे. माझी आत्या तेव्हा मांडवीला राहायची, तिला सोनं दिसलं नाही. तिला आठवायचा कापूस. पेटलेला कापूस आभाळातून पडत होता आणि गॅलरीत वाळत घातलेल्या नऊवारीला भोकं पडत होती, हिरव्या काठाच्या, लुगडं नवंच. फेकायचं जिवावर आलं म्हणून तिने ते गोधडीत घातलं. लहानपणी थंडीत ती गोधडी माझ्या वाट्याला यायची आणि मी झोप येईपर्यंत बोटाने भोकांच्या कडा चाचपायचो. कडक लागायच्या.

फळ्यावर त्या दिवशी वर जयंती, खाली गोदी. एका वर्षी जागा पुरेना म्हणून पाण्याची वेळ गाळली, तर दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

प्रश्न : सगळ्यांच्या तारखा तपासता. तुमची स्वतःची कधी चुकली का? (नाव देऊ नका, मी तुमच्याच इमारतीतला आहे)

उत्तर : अक्षर ओळखलं. चुकली, आणि एप्रिलमध्येच चुकली. मी एका दैनिकात होतो, नाव नको. १६ एप्रिलच्या अंकात 'बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी, १८३५' असं छापून गेलं. प्रूफ माझ्या हातून गेलेलं, खाली माझी आद्याक्षरं. दुपारी एक निवृत्त मोटरमन कात्रण घेऊन दारात. आवाज चढवला नाही. त्यांनी मला बसवलं आणि सगळं म्हणून दाखवलं : १६ एप्रिल १८५३, शनिवार, १४ डबे, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, इंजिनं साहेब, सिंध नि सुलतान. मग म्हणाले, "तुम्ही गाडी अठरा वर्षं बिफोर टाइम आणलीत. आमच्या अख्ख्या नोकरीत एकदा तीन मिनिटं आधी आली होती, तर मेमो मिळाला." चहा न घेता गेले.

तेव्हापासून आकडा मी उजवीकडून डावीकडे पुन्हा एकदा वाचतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमचे सर म्हणाले की ६१७४ हा जादूचा आकडा आहे आणि तो आपल्या मराठी माणसाने शोधलाय. जादू कशी करायची? (डोंबिवली)

उत्तर : तू डोंबिवलीचा आहेस म्हणून आधी तुझ्या गावाचं. हा आकडा शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ला डहाणूला जन्मले आणि नोकरीभर देवळालीला शाळेत शिकवत राहिले. १, १२१, १२३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्या त्यांच्या आवडीच्या. या संख्यांचा अभ्यास करायचं त्यांना एका रेल्वे स्टेशनवर सुचलं, म्हणून त्या स्टेशनवरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो म्हणजे आत्ताचं तुझं डोंबिवली. तिथे आता उभं राहायला जागा नाही, सुचणं लांबच.

आता ६१७४. कुठलेही चार अंक घे, चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहानाकडे मांड, लहानापासून मोठ्याकडे मांड, मोठीतून लहान वजा कर. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच कर. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि पुढे हलत नाही. शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरायचं, नाहीतर गाडी घसरते.

फळ्यावर मी या पंधरवड्यातली तीन सालं घेतली. रेल्वेचं १८५३ : ८५३१ वजा १३५८ बरोबर ७१७३. ७७३१ वजा १३७७ बरोबर ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पाच वजाबाक्या.

महाराष्ट्र झाला १ मे १९६०ला, तेव्हा १९६० : ९६१० वजा ०१६९ बरोबर ९४४१. इथे खडू हातातच राहिला. ९, ४, ४, १. हे तर गोदीच्या १९४४चेच अंक! म्हणजे १९६०ची गाडी पहिल्याच स्टेशनवर १९४४च्या रुळावर येते. पुढे दोघींचं ७९९२, मग ७१७३, आणि ७१७३ला तर १८५३ची गाडी येऊन गेलेली. तिथून तिघींचा मार्ग एक. गोदीला सहा वजाबाक्या लागतात, महाराष्ट्राला पुऱ्या सात. त्या दिवशी तीन लिफ्ट माझ्यासमोरून गेल्या, मी फळ्यापाशीच.

आणि एक बघ. मी छापलेलं चुकीचं १८३५ घेतलंस, तरी पहिल्या पायरीवर ७१७३च येतं, कारण अंक तेच आहेत. कापरेकर मास्तरांनी मला पास केलं असतं. मोटरमन साहेबांनी नाही.

या वेळचं कोडं : पहिली गाडी सुटली त्या १८५३पासून आजपर्यंतच्या सगळ्या सालांत फक्त एक साल असं आहे, ज्याची पहिलीच वजाबाकी ६१७४ देते. एकेक करून बघत बसू नका, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांच्यात किती फरक हवा त्याचा आधी विचार करा. साल याच पानावर छापलेलं आहे, माळ्यावर शोधा. उत्तर पोस्टकार्डावर. शेजाऱ्यांनी फळ्याखाली चिठ्ठी ठेवली तरी चालेल, लिफ्ट जाऊ द्या.